स्टेशनसमोरच्या जुन्या हॉटेलचा इतिहास कसा काढायचा: आधी टाइमटेबल, मग गल्ला

खान्देशात कुठल्याही स्टेशनबाहेर पडा, भुसावळ घ्या, जळगाव घ्या, चाळीसगाव, पाचोरा, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, समोर एक तरी असं हॉटेल नाहीतर लॉज असतंच ज्याच्याबद्दल गाव सांगतं की ह्याला शंभर वर्षं झाली. शंभर म्हणजे नक्की कधीपासून असं विचारलं की गल्ल्यावरचा माणूस भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट दाखवतो आणि विषय तिथंच संपतो. ज्यांना असा इतिहास लिहायचा असतो ते पण सुरुवात त्या फोटोपासूनच करतात, आजोबा नेसत्या धोतरानिशी गावात आले, आधी हातगाडी लावली, मग टपरी, मग हॉटेल, आणि दोन पानांत गाडी अडते कारण ही गोष्ट सगळ्याच हॉटेलांची आहे, नावं बदलून कुठंही चिकटवा.

माझं म्हणणं, उलटं करा. आजोबा नंतर, आधी टाइमटेबल. स्टेशनसमोरचं हॉटेल मालकाच्या कष्टावर चालतं हे खरंच, पण त्याहून जास्त ते पॅसेंजरला किती वेळ ताटकळत बसावं लागतं ह्याच्यावर चालतं. गाडी पाच मिनिटं थांबली तर कमावतो फलाटावरचा चहावाला, कनेक्शनसाठी दोन तास काढायचे असले तर खानावळ चालते, आणि रात्री उतरून सकाळची गाडी धरायची असली तरच कोणी खोलीचे पैसे देतो. ही वाट बघणं तुमच्या गावात कधी सुरू झालं आणि कधी संपलं एवढं कळलं की निम्मा इतिहास हातात आला समजा.

तर वहीच्या पहिल्या पानावर तुमच्या स्टेशनचा सांगाडा मांडा. बोरीबंदर-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ची, हे सगळ्यांना पाठ असतं, पण आपल्याकडे जी.आय.पी.चे, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचे, रूळ आले १८६० च्या दशकात, आणि थळ घाट खुला झाला १८६५ ला, म्हणजे मुंबईला बसलेला माणूस गाडी न सोडता थेट खान्देशात उतरायला लागला तो त्याच्यानंतर. १८६७ ला नागपूर जोडलं गेलं, १८७० ला जबलपूरकडून कलकत्त्याची लाइन, आणि दोन्ही फाटे जिथं फुटतात ते भुसावळ एकदम महत्त्वाचं झालं. मग १९०० च्या सुमाराला एकाच वेळी बरंच काही झालं, चाळीसगाव-धुळे फाटा, जळगाव-अमळनेर फाटा, आणि सुरतेकडून नंदुरबारवरून अमळनेरपर्यंत आलेली ताप्ती व्हॅली रेल्वे. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी, आपली पी.जे., ती १९१८-१९ ची. आता ह्यावरून हॉटेलं आपोआप दिसायला लागतात. धुळ्याच्या माणसाला मुंबईला जायचं तर चाळीसगावला उतरून मेन लाइनची गाडी बघायची, म्हणून चाळीसगावला खानावळी. अजिंठ्याची लेणी बघायला येणारा साहेब जळगावला उतरायचा नाहीतर पाचोऱ्याला, आणि पी.जे. झाल्यावर पहूरपर्यंत रेल्वेनं जाता यायला लागलं. भुसावळला तर इंजिन बदलणार, कोळसा-पाणी होणार, ड्रायव्हर-गार्ड बदलणार, आणि पॅसेंजर सोडा, नुसती रेल्वेची माणसंच एवढी की चहाची भट्टी रात्रीसुद्धा विझायची नाही.

हा सांगाडा असला की थापा लगेच पकडता येतात. कोणी म्हणालं आमचं लॉज १८५० चं, तर तेव्हा रूळच नव्हते, असलीच तर ती बैलगाडीच्या रस्त्यावरची धर्मशाळा असेल, आणि मग ती वेगळी आणि खरं तर जास्त भारी गोष्ट आहे, तिला हॉटेलच्या गोष्टीत कोंबू नका.

जुनी टाइमटेबलं मिळतात कुठं? रद्दीवाले, रिटायर्ड स्टेशन मास्तरांच्या ट्रंका, आणि स्कॅन केलेली इंटरनेटच्या अर्काइव्हवर, तिथं ब्रॅडशॉ म्हणून शोधा, हिंदुस्थानातल्या सगळ्या गाड्यांचं ते जाडजूड टाइमटेबल असायचं. सगळं वाचू नका, डोकं फिरेल. दर दहा वर्षांचं एक घ्या आणि आपल्या स्टेशनच्या गाड्या फक्त उतरवा, कधी येते, किती थांबते, पुढचं कनेक्शन किती तासांनी. रात्री दहा ते पहाटे पाचच्या गाड्यांना लाल पेन लावा, लॉजचं गिऱ्हाईक त्यातच असतं. आणि एक भानगड लक्षात ठेवा, १९०६ ला भारताचा एकच स्टँडर्ड टाइम सुरू झाला, त्याच्या आधी रेल्वे मद्रास टाइमवर चालायची आणि मुंबईचं घड्याळ त्याच्या अर्धा तास मागं असायचं, त्यामुळे फार जुन्या टाइमटेबलातली वेळ आणि एखाद्याच्या डायरीतली वेळ जुळली नाही तर लगेच कोणाला खोटं ठरवू नका.

आता कागद. इथं सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण मालकाला वाटत असतं आमच्याकडे काही नाही, आणि माळ्यावर एक पत्र्याची पेटी असते. त्यात बिलबुकं, लेटरहेड, किराण्याच्या वह्या, लॉजची रजिस्टरं, लायसनच्या फ्रेम. बहुतेकांवर तारीख नसते नाहीतर नुसती "ता. १४" एवढीच असते, पण तारीख काढता येते. पत्त्यात "जि. पूर्व खानदेश" किंवा "पश्चिम खानदेश" असेल तर कागद १९०६ च्या नंतरचा, कारण त्याच्या आधी जिल्हा एकच होता, नुसता खानदेश. "जी.आय.पी. रेल्वे स्टेशनसमोर" लिहिलंय तर बहुतेक १९५१ च्या आधीचा, त्या वर्षी नोव्हेंबरात सेंट्रल रेल्वे झाली. बिल आण्यांमध्ये आहे की नये पैशांत हे बघा, दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ची, आणि "नये" हा शब्द १९६४ ला गळाला, म्हणजे "चहा १२ न.पै." असा बोर्ड सापडला तर तुमच्याकडे सात वर्षांची खिडकी आली, ह्याच्यापेक्षा छान काय पाहिजे. किराण्याच्या वहीत शेर-मण आहे की किलो, किलो असेल तर साधारण १९६० च्या आसपास किंवा नंतर. पत्त्यात पिनकोड आहे? मग १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतर. बिलावर व्हॅटचा नंबर असेल तर २००५ ते २०१७ मधलं, त्याच्यानंतर जीएसटी.

ह्यात एक सांगतो, छापील लेटरहेड पाचशे-हजारच्या गठ्ठ्यानं छापायचे आणि संपेपर्यंत वापरायचे, आपली माणसं कागद फेकत नाहीत, त्यामुळे १९५८ च्या हिशोबावर जी.आय.पी.चं लेटरहेड दिसलं तरी दचकू नका. वरचं छापील आणि खालचं शाईचं, दोन्ही वेगळं वाचा.

मालक मारवाडी किंवा गुजराती असेल तर वहीवर विक्रम संवत असणार. तो दिवाळीला बदलतो, त्यातून ५७ वजा करा, आणि जानेवारीपासूनचे महिने असतील तर ५६. संवत २००० ची वही म्हणजे १९४३ च्या दिवाळीपासून ४४ च्या दिवाळीपर्यंत, म्हणजे रेशनिंगचा काळ, तेव्हा त्यात साखर आणि तांदळाच्या ओळी नीट बघा. शालिवाहन शक असेल तर ७८ मिळवा, आणि जानेवारी ते गुढीपाडवा असेल तर ७९. आणि मोडीत असेल तर घाबरून बाजूला ठेवू नका, मोडी वाचणारे अजून आहेत, धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात चौकशी करा, इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावानं चालणारी ती संस्था जुन्या कागदांसाठीच ओळखली जाते.

कागदांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. खिडकीच्या उजेडात मोबाइलनं फोटो काढा, फ्लॅश बंद, बाजूला एक पट्टी ठेवा म्हणजे साइज कळतो, आणि पेटी होती तशी परत लावून द्या. पेटी घरी न्यायची मागणी पहिल्याच दिवशी केली की मालक गेला म्हणून समजा.

लॉजचं रजिस्टर मिळालं तर नशीबवान आहात. त्यात नाव, गाव, कामाचं कारण, कुठून आला, कुठं जाणार हे रकाने असतात आणि "कारण" ह्या रकान्यात आख्खा खान्देश उतरलेला असतो. कापूस खरेदी, मिरची खरेदी, केळीचा माल बघायला, कोर्टाची तारीख, मुलगी बघणे, परीक्षक, औषध कंपनीचा एजंट. सावदा-रावेर भागात केळीच्या वॅगन भरायला उत्तरेकडचे व्यापारी महिनोनमहिने राहायचे, दोंडाईचा-नंदुरबारला मिरचीचे, आणि डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जाणारे. महिन्यावारी मोजा, गर्दीचे महिने काढा, मग कळेल हॉटेल कोणत्या पिकावर जगलं. जळगावच्या लॉजमध्ये परदेशी पाहुण्यांचे सी फॉर्म असतील, ते बहुतेक अजिंठ्याचे. पण नावं छापू नका हो. कोण कोणाबरोबर कधी राहिलं हे पन्नास वर्षांनी गावात वाचायला मिळालं तर इतिहास राहील बाजूला आणि तुम्हालाच गाव सोडायची वेळ येईल.

बिल्डिंगकडे बघायचं बरेच जण विसरतात. आमच्याकडे एका स्टेशनरोडवरच्या लॉजच्या जिन्याखाली आडवा लोखंडी बीम आहे, पन्नास वेळा ऑइलपेंट मारलेला, सगळे म्हणतात गर्डर. तो गर्डर नाही, रूळ आहे. रेल्वेनं काढून टाकलेले रूळ लिलावात घ्यायचे आणि घरांना वापरायचे, हे आपल्या पट्ट्यात जुन्या घरांत खूप दिसतं. रुळाच्या पोटावर, म्हणजे वरचं डोकं आणि खालचा पाय ह्याच्या मधल्या पातळ भागावर, कारखान्यात लाटतानाच उठावदार अक्षरं येतात, कंपनीचं नाव, साल, कधी कधी कोणत्या रेल्वेसाठी ते. पेंट खरवडू नका, मालक ओरडेल. पातळ कागद धरा आणि वरून आडवी पेन्सिल फिरवा, नाहीतर टॉर्च अगदी बाजूनं तिरका मारा, अक्षरं सावलीनं उठून दिसतात. मिळालेलं साल बिल्डिंगचं नसतं एवढं लक्षात ठेवा, रूळ आधी लाइनवर बरीच वर्षं झिजला, मग निघाला, मग इथं आला, म्हणजे बिल्डिंग त्या सालाच्या बरीच नंतरची. डोकं किती झिजलंय ते पण बघा. तसंच कौलांचं, एखादं फुटकं मंगलोरी कौल उलटं करून बघा, कारखान्याचा छाप मागं असतो, आणि असली यांत्रिक कौलं बनायला लागली १८६५ ला बासेल मिशनच्या मंगलोरच्या कारखान्यात, त्याच्या आधीची ती असू शकत नाहीत.

सरकारी कागद पटकन सांगतो कारण ते कंटाळवाणं आहे पण सोडता येत नाही. सिटी सर्व्हे ऑफिसातून प्रॉपर्टी कार्ड काढा, त्यावर जागा कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर गेली ते दिसतं. नगरपालिकेचं घरपट्टीचं आकारणी रजिस्टर बघा, त्यात "वापर" रकान्यात घर, दुकान, हॉटेल असं लिहिलेलं असतं, घराचं हॉटेल कधी झालं ते तिथं सापडतं. खरेदीखतासाठी दुय्यम निबंधकाकडे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या खताचा गोषवारा, मागा. गुमास्ता लायसन १९४८ च्या दुकान कायद्याचं, त्याचं पहिलं सर्टिफिकेट मालकानं फ्रेम करून ठेवलेलं असतं बहुतेक. धर्मशाळा-सराई असेल तर १८६७ च्या सराई कायद्यानं तिची जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे नोंद लागायची. गॅझेटियर तीन बघा, १८८० चं खानदेशचं, मग जळगावचं १९६२ चं आणि धुळ्याचं १९७४ चं, नंतरच्या दोन्हींमध्ये किरकोळ धंद्यांच्या प्रकरणात हॉटेलांवर पण मजकूर आहे, कोणी वाचत नाही तो.

माणसांकडे जाताना मालकाला शेवटी भेटा. आधी जुना वेटर, दूध घालणारा, हमाल, टांगेवाल्याचा मुलगा, रोज अपडाऊन करणारे, रिटायर्ड गार्ड-ड्रायव्हर, आणि भुसावळात कॉलवाला, जो रात्री-बेरात्री ड्यूटीवाल्यांना उठवायला घरोघर फिरायचा, त्याला कोणतं हॉटेल किती वाजता उघडं असायचं हे तोंडपाठ असतं. "कोणत्या साली?" असं विचारू नका, साल कोणालाच आठवत नाही. दुष्काळाच्या आधी की नंतर, म्हणजे ७२ च्या, आणीबाणीत होतं का, तुमचं लग्न झालं होतं का तेव्हा, असं विचारा. अहिराणीत बोलत असाल तर अहिराणीतच बोला, माणूस खुलतो. "मना बापना लगीनना आगोदरनं शे ते हाटेल" असं एकानं म्हटलं की बापाच्या लग्नाचं साल काढा, झालं काम. आणि घरातल्या बायकांना विचाराच, भट्टीच्या मागं मसाला वाटणारी, पोळ्या लाटणारी, पापड करणारी मालकाची आई-बायको असायची, तिचा फोटो भिंतीवर नसतो आणि पगार तर कधीच नसतो.

खाण्याचे प्रश्न पण नीट विचारा, नुसतं "आमची शेवभाजी फेमस" लिहून काय उपयोग. कोणत्या गाडीच्या आधी काय तयार ठेवायचे, पहाटेच्या गाडीला काय, थंडीत भरीत-पुरी लावायचे का, वरण-बट्टी फक्त रविवारी का, मासिक मेसवाल्यांचा खाडा कसा धरायचे. १९६५ ला शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडा म्हणून सांगितलं आणि हॉटेलं सोमवारी संध्याकाळी बंद राहायला लागली, तेव्हा रात्रीच्या गाडीला उतरलेल्यांनी काय केलं, हा प्रश्न म्हाताऱ्या वेटरला विचारून बघा, गप्पा थांबणार नाहीत.

आणि एक प्रश्न जो लोक टाळतात. ह्या हॉटेलात कोणाला येऊ देत नव्हते? फलाटावर हिंदू पाणी, मुसलमान पाणी वेगळं होतं हे सगळे सांगतात, पण दाराच्या आतलं कोणी सांगत नाही. ब्राह्मणांची खानावळ म्हणून बोर्ड होता का, कप वेगळे टांगलेले असायचे का, कोणाला बाहेरच उभं राहून पाणी वरून ओतायचे. चाळीसगावचंच घ्या, १९२९ ला बाबासाहेब आंबेडकर धुळ्याचं चौकशीचं काम करून परतताना चाळीसगावला उतरले तर टांगेवाले त्यांना न्यायला तयार झाले नाहीत, शेवटी टांगा भाड्यानं घेऊन वस्तीतल्याच माणसानं हाकला, त्याला सवय नव्हती, आणि पुलावर टांगा आपटून बाबासाहेब जखमी झाले. मुंबई सरकारच्या कमिटीचा मेंबर असलेल्या बॅरिस्टरची स्टेशनबाहेर ही गत, तर साध्या माणसाला समोरच्या हॉटेलात काय मिळत असेल ते समजून घ्या. १९५० च्या राज्यघटनेत कलम १५ मध्ये हॉटेलांचं नाव घेऊन ही बंदी उठवली, १९५५ ला अस्पृश्यता गुन्हा कायदा आला, तर तुमच्या हॉटेलात प्रत्यक्षात कधी बदललं ते विचारा. मालक म्हणेल आमच्याकडे असं कधीच नव्हतं. मग ज्यांना बाहेर ठेवलं त्यांच्या वस्तीत जाऊन विचारा, आणि दोन्ही उत्तरं लिहा.

धंदा कधी उतरला ते परत टाइमटेबलातच शोधा. मुलांनी लक्ष दिलं नाही, हे उत्तर प्रत्येक जण देतो आणि ते अर्धंच खरं असतं. एसटी १९४८ ला सुरू झाली आणि हळूहळू गावोगाव स्टँड झाले, स्टेशनरोडची गर्दी स्टँडकडे सरकली. ६० च्या दशकाच्या शेवटी विजेचं इंजिन भुसावळपर्यंत आलं, कोळसा-पाण्याचे थांबे संपले. धुळ्याचा माणूस चाळीसगावला ताटकळण्यापेक्षा हायवेनं थेट जायला लागला. पी.जे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये थांबली ती थांबलीच, पाचोऱ्याच्या स्टेशनबाहेर काय फरक पडला ते अजून लोकांना ताजं आठवतं, तर हे आत्ताच लिहून घ्या, दहा वर्षांनी त्याची पण "शंभर वर्षं" होतील.

लिहिताना हॉटेलचा नकाशा आधी द्या, स्टेशनच्या गेटपासून किती पावलं, टांगा स्टँड कुठं, गल्ला कुठं, खोल्या किती. मग गाड्या, मग माणसं. जे कागदावरून आहे ते तसं सांगा, जे ऐकलंय ते कोणाकडून ते सांगा, नाव नको असेल तर "जुने वेटर" एवढं पुरे. छापायच्या आधी एक प्रिंट मालकाला वाचायला द्या, तो चुका काढेल आणि दोन गोष्टी काढून टाकायला सांगेल, चुका लगेच दुरुस्त करा, काढून टाकायच्या गोष्टींवर भांडा. एक कॉपी नगरपालिकेच्या वाचनालयात द्या, आणि सगळ्या फोटोंचा पेनड्राइव्ह मालकाच्या सुनेकडे किंवा मुलीकडे द्या, गल्ल्यात ठेवला तर त्यात गाणी भरली जातात.